सगळ्यांसमोर घेतलेली गोळी

१

अप्पा गेले ते रंगपटात, पहिला अंक संपल्यावर, आरशासमोरच्या खुर्चीत बसल्याबसल्या. बाहेर मध्यंतर चालू होतं. सकाळचा प्रयोग, त्यामुळे प्रेक्षागृह शाळेच्या पोरांनी आणि पेन्शनवाल्यांनी भरलेलं. मावशी चहा घेऊन आत आल्या. "अप्पा, गार होतोय हो," म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या. मग कप खाली ठेवून त्यांनी अप्पांच्या खांद्याला हात लावला, आणि अप्पा कलंडले.

दुसरा अंक झालाच नाही. पोरांना वाटलं सुट्टी मिळाली. ती खूश होऊन घरी गेली.

हे सगळं मला नंतर कळलं. मी औषध निरीक्षक आहे. दुकानांतली औषधं तपासायची आणि बनावट निघाली तर दुकानाला टाळं ठोकायचं, ही माझी नोकरी. मेलेल्या नटांशी माझा संबंध येत नाही, आणि नाटकं तर मला मुळीच आवडत नाहीत. तिकीट काढून दुसऱ्यांची भांडणं कशाला बघायची, घरी ती फुकट असतात. पण शवचिकित्सेत एक विचित्र गोष्ट निघाली आणि फौजदाराने ती अलगद माझ्या गळ्यात टाकली.

विष नव्हतं. मार नव्हता. हृदय वयाच्या मानाने बरं होतं. अप्पांच्या रक्तात जे सापडायला हवं होतं तेच सापडत नव्हतं. गेली काही वर्षं ते रोज सकाळी स्टिरॉइडची एक गोळी घेत होते. रक्तात तिचा मागमूस नव्हता.

"गोळ्या बनावट असतील," फौजदार म्हणाला. "नाहीतर कुणीतरी बदलल्या. रोजची गोळी अप्पा नाटकात, मंचावरच घ्यायचे, आणि ती त्या मावशीच्या हातून जायची. नाटकाचं सामानसुमान तीच सांभाळते. आणि अप्पा आजारी पडले तर त्यांची भूमिका कोण करणार होता माहितेय? तिचा सख्खा भाचा."

"ती काय म्हणते?"

"ताकास तूर लागू देत नाही. नुसती बसून राहते. अप्पांच्या मुलीने तक्रार केलीय, उद्या सकाळी मी बाईला आत घेतो. तुम्ही मला त्याआधी एवढंच सांगा, गोळी खरी होती की खोटी."

"आणि खरी निघाली तर?"

"तर दुकानदार सुटला," फौजदार म्हणाला, "आणि मावशी अडकली."

२

प्रयोगशाळेच्या मागे लागून मी त्याच सकाळी निकाल काढून घेतला. अप्पांच्या मुलीच्या घरची स्ट्रिप आणि मावशींच्या पेटीतली स्ट्रिप, दोन्हींतल्या गोळ्या अस्सल होत्या. म्हणजे माझं काम संपलं होतं. मी घरी जाऊन पाय पसरून बसू शकले असते. पण एक म्हातारी बाई माझ्या निकालाच्या जोरावर तुरुंगात जाणार, आणि ती तोंडातून अवाक्षर काढत नाही, हे मला खटकत होतं. चोर सहसा फार बोलतात.

म्हणून मी अप्पांच्या डॉक्टरांकडे गेले. बाहेर बाकांवर माणसं दाटीने बसलेली आणि आत डॉक्टर घामेजलेले.

"खांदे आणि कंबर जखडून टाकणारा सुजेचा आजार होता त्यांना," डॉक्टर म्हणाले. "सकाळी कूससुद्धा बदलता यायची नाही. गोळी सुरू केली आणि थोड्याच दिवसांत हात वर करून केस विंचरायला लागले. मला मिठी मारली होती त्यांनी."

"इतकं गुणाचं औषध?"

"गुणाचं आहेच. पण त्रासही देतं. चेहरा सुजून गोल होतो, भूक वाढते, झोप उडते. काहींची चिडचिड इतकी वाढते की घरच्यांना माणूस ओळखू येत नाही. साखर, हाडं, डोळे, सगळ्यांवर नजर ठेवावी लागते. म्हणून मी डोस थोडा थोडा उतरवत आणला होता. रोज सकाळी, खाल्ल्यावर घ्यायची. आणि मनाने बंद करायची नाही."

"बंद केली तर काय होतं?"

डॉक्टरांनी दाराबाहेरच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "आपलं शरीर असलंच एक द्रव्य स्वतः बनवत असतं. मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या बनवतात. बाहेरून रोज आयतं मिळायला लागलं की त्या सुस्तावतात आणि काम सोडतात. त्यांना परत जागं करायला बरेच दिवस लागतात, म्हणून डोस हळूहळू उतरवायचा. गोळी एकदम थांबवली तर बाहेरून नाही आणि आतूनही नाही. माणूस गळून जातो, चक्कर येते, वजन उतरतं. त्यात ताप आला किंवा उलट्या झाल्या तर शरीराला ते द्रव्य नेहमीपेक्षा जास्त लागतं. तेव्हा गोळी वाढवायची असते. पोटात टिकत नसेल तर लगेच इंजेक्शन."

"नाटकवाल्यांत त्या आठवड्यात पोटाची साथ होती म्हणे."

"होती ना. सगळ्या मंडळींना झाली. बाकीचे दोन दिवस लोळले आणि उठले."

"डॉक्टर, हे तुम्ही आत्ता मला जसं सांगितलंत, तसं अप्पांना सांगितलं होतं?"

त्यांनी पेन उचललं आणि टोपण लावलं. "बंद करू नका, असं सांगितलं होतं. दर वेळी सांगत होतो. ते मान हलवायचे. फार छान मान हलवायचे हो." मग म्हणाले, "एक कार्डही दिलं होतं, कायम खिशात ठेवायला. हा माणूस या गोळीवर आहे, अशी सूचना असलेलं. मुलीने ते हरवू नये म्हणून घरी कपाटात ठेवलं होतं."

मी उठले. गोळी खरी होती, रोज दिली जात होती, आणि भरल्या प्रेक्षागृहासमोर घेतली जात होती. तरी ती अप्पांच्या पोटात पोचत नव्हती. मधे कुठेतरी पाणी मुरत होतं.

३

अप्पांची लेक चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. मी गेले तेव्हा ती यंत्रावर वाकून बसली होती आणि तिने मान वर न करताच विचारलं, "पकडलं का तिला?"

"अजून नाही. मला आधी गोळीची कहाणी सांगा."

तिने यंत्र बंद केलं. डोळे सुजलेले होते. बापावर जीव असलेली मुलगी होती ती, हे सांगायला निरीक्षक लागत नव्हता.

"अप्पा विसरभोळे," ती म्हणाली. "गोळी हातात घेऊन गप्पा मारत बसायचे आणि मग म्हणायचे, घेतली. पण नाटकात? इतक्या वर्षांत एक हालचाल इकडची तिकडे नाही. पहिल्याच प्रवेशात म्हातारा न्याहारी करतो आणि औषध घेतो. मावशींनीच सुचवलं, खोटी गोळी कशाला, खरीच घेऊ दे. घरी विसरतील, प्रवेश विसरणार नाहीत. मला इतकं पटलं ते! मी स्ट्रिप नेऊन त्या बाईच्या हातात दिली. माझ्या हाताने दिली."

"नाटकाला सुट्टी असायची तेव्हा?"

"आठवड्यातून एक दिवस. तेव्हा अप्पा माझ्याकडे जेवायला. गोळी मी द्यायचे, आणि तोंड उघडून दाखवायला लावायचे. जीभ वर करून. ते म्हणायचे, कसली फौजदारीण पैदा केलीय मी."

"शेवटचे काही आठवडे तब्येत कशी होती?"

"थकायचे. पण सुट्टीनंतर एकदम टवटवीत. दुसऱ्या दिवशी फोनवर आवाज खणखणीत असायचा. मग आठवडा सरेल तसे उतरत जायचे. मी म्हणायचे, विश्रांती मानवते तुम्हाला, सोडा आता ते नाटक."

मी तिच्याकडे बघत राहिले. विश्रांती कसली! तिच्या घरी गोळी पोटात जात होती आणि तिचा जोर दीड-दोन दिवस पुरत होता. थिएटरात जात नव्हती. गोळ्या एकाच दुकानातल्या, एकाच खोक्यातल्या. म्हणजे जे काही घडत होतं ते रंगमंचाच्या आसपास घडत होतं.

"आणि चेहरा?"

"सूज उतरली होती," ती म्हणाली. "पूर्वीचे अप्पा दिसायला लागले होते. मला आनंद झाला होता." तिचा आवाज फाटला. "मी त्यांना म्हणालेसुद्धा, बघा, किती छान दिसताय."

"तुमचं दोघांचं कधी वाजलं होतं का?"

तिने काच हातात घेतली आणि परत ठेवली. "त्या गोळीने फार चिडायचे. एकदा चहाचा कप भिंतीवर फेकला. माझी मुलगी समोर होती. मग मी काही दिवस तिला त्यांच्यापासून दूर ठेवलं, सुट्टीच्या दिवशी आत्याकडे पाठवायचे. पण मिटत आलं होतं ते. पुढच्या सुट्टीला आणणारच होते तिला." आणि एकाएकी ती भडकली. "माझी उलटतपासणी कसली घेताय? जिने माझा बाप मारला तिला विचारा ना! तिचा भाचा कालपासून अप्पांचा कोट घालून तालमी करतोय!"

४

भाचा खरोखरच अप्पांचा कोट घालून उभा होता.

थिएटरच्या मागच्या दाराने आत गेलं की आधी सरसाचा वास येतो, मग दोऱ्यांच्या गुंडाळ्या, मग टेकवून ठेवलेल्या रंगवलेल्या भिंती. मंचावर न्याहारीचं टेबल मांडलेलं होतं. भाच्याला मंडळीत सगळे 'राखीव' म्हणतात. कुणाचीही जागा रिकामी पडली की याला उभं करायचं. चाळिशीचा, उंच, आणि आयुष्यभर कुणाच्यातरी आजारपणाची वाट बघितलेला माणूस.

"हवी होती मला ही भूमिका," मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला. "सगळ्यांना माहितेय, मी कशाला नाकारू? पण आता त्यांचा कप हातात घेतला की तो तसाच खाली ठेवतो. सोडून द्यावंसं वाटतं."

"टेबल कोण मांडायचं?"

"मावशी. माझ्यासमोरच मांडायची. मी विंगेत इथे उभा असायचो, अप्पांचं काम बघायला. पाव, लोणी, कप, पाणी, आणि गोळीची डबी."

"तिने डबीत दुसरं काही टाकलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं?"

"काय टाकणार?" तो म्हणाला. "डबीचं आणि त्या गोळीचं नाव काढलंत तर साहेब तासभर बोलतील. तेच बघा आले."

साहेब म्हणजे दिग्दर्शक. गळ्यात मफलर, हातात सुपारीएवढी पेन्सिल. अप्पांच्या मरणाचं दुःख त्यांना होतं, पण नाटकाचा विषय निघाला की ते दुःखाला जरा बाजूला बसवत.

"आवाज, बाई, आवाज!" ते म्हणाले. "सुटी गोळी तोंडात टाकली तर शेवटच्या रांगेला काय कळणार? म्हणून मी नियम केला. मावशींनी स्ट्रिपमधून एक गोळी कात्रीने कापायची, पण वेष्टण फोडायचं नाही. चंदेरी कागदासकट डबीत. अप्पा ती सगळ्यांसमोर फोडणार. चर्र! त्या आवाजाला कार्टीसुद्धा गप्प व्हायची."

"रोज? न चुकता?"

"एकदा मावशींच्या कात्रीने कागद जरा चिरला गेला होता तर मी प्रयोग संपल्यावर सगळ्यांसमोर त्यांना झापलं. त्यानंतर कधी नाही."

मी त्या डबीकडे पाहिलं. माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसायला लागलं होतं आणि ते मला नको होतं.

"शेवटच्या काही आठवड्यांत अप्पांचं काम कसं होत होतं?"

दिग्दर्शकांचा चेहरा उजळला. "कमाल! इतकी वर्षं मी त्यांना सांगत होतो, अप्पा, तुमचा म्हातारा फार धडधाकट वाटतो. आणि एकदम त्यांना सापडला तो! कप दोन्ही हातांनी उचलायला लागले. खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार. मधेच थांबून श्वास घ्यायचे. लोक हलायचे नाहीत. मी म्हटलं, अप्पा, हे असंच ठेवा."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, खांदे भरून येतात हो. मी म्हटलं, उत्तम!"

तो शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांचा त्यांनाच ऐकू आला. ते खुर्चीवर बसले. राखीव दुसरीकडे बघायला लागला.

"शेवटच्या दिवशी," दिग्दर्शक खाली बघत म्हणाले, "सकाळपासून उलट्या होत होत्या. म्हणाले, आज नको करू या. पण बाहेर शाळेच्या गाड्या येऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, पहिला अंक करा, मग बघू."

मला त्यांना काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. बोलले नाही. त्याऐवजी एकच प्रश्न विचारला. "गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. त्यानंतर अप्पांचा हात कुठे जायचा?"

"आधी टेबलावर ठेवायचे," ते म्हणाले. "मग हल्ली खिशात घालायला लागले होते. मला आवडलं. संकोची म्हाताऱ्याचा हात."

मी राखीवकडे वळले. "कोट काढा."

५

माझं डोकं साधं चालतं, दुकानाची झडती घ्यावी तसं. एकेक फळी रिकामी करत जायचं.

दुकानदार नाही, कारण गोळ्या अस्सल. लेक नाही, कारण तिच्या घरची गोळी लागू पडत होती. राखीव डबीजवळ जाऊ शकला असता, मावशी तर रोज जातच होत्या. पण डबीत जायची ती सीलबंद गोळी. कारखान्यातून आलेलं वेष्टण फोडून दुसरं काही भरायचं आणि परत तसंच बंद करायचं, हे या आडोशाच्या खोलीत सरस आणि कात्रीने होणारं काम नाही. मी बनावट औषधांचे कारखाने पाहिलेत, तिथे यंत्रं लागतात. वेष्टण मंचावर फुटत होतं, भर उजेडात, आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता.

म्हणजे वेष्टणापासून तोंडापर्यंत गोळीला एकच हात लागत होता. अप्पांचा.

आणि अप्पा नट होते. घास न गिळता गिळल्यासारखं करणं, रिकाम्या कपातून चहा पिणं, हे त्यांनी जन्मभर केलेलं. घरी लेक जीभ वर करायला लावायची, तिथे डाळ शिजत नव्हती. इथे सगळे बघत होते, त्यामुळे तपासत कुणीच नव्हतं. एवढ्या माणसांच्या डोळ्यांत धूळ फेकून त्यांनी रोज ती गोळी मुठीत ठेवली होती.

कोटाचे खिसे रिकामे होते. राखीव म्हणाला, "मी बघितलेत, उजव्याला तर भोक आहे. मावशी काही शिवत नाही. नाटक चालू आहे तोवर कोट धुवायचा नाही आणि शिवायचा नाही, म्हाताऱ्याचा कोट म्हाताऱ्यासारखाच दिसला पाहिजे, असा साहेबांचा हुकूम."

मी भोकातून बोट घातलं आणि मग कोटाची खालची कड चाचपली. अस्तराच्या आत, शिवणीपाशी, बारीक खडे लागले.

टेबलावर कात्री होती. मी अस्तर उसवलं. पांढऱ्या गोळ्या न्याहारीच्या बशीत पडल्या. काही अख्ख्या, काही फुटलेल्या, काहींचा नुसता भुगा. राखीव ज्या खुर्चीला धरून उभा होता तिच्यावरच बसला. दिग्दर्शकांनी तोंडावर मफलर धरला.

"उगाच फाडलात कोट," मागून आवाज आला.

मावशी विंगेत उभ्या होत्या. लहानखुऱ्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं."

"मग फौजदाराला का नाही सांगितलंत? उद्या तो तुम्हाला नेणार आहे! तुमच्या भाच्यालाही सोडणार नाही!"

"नेऊ दे," मावशी म्हणाल्या. "मी बोलले असते तर अप्पांची लेक जिवंतपणी मेली असती."

६

त्यांनी सांगितलं ते असं. एकदा मंच झाडताना त्यांना एक गोळी सापडली. त्यांनी अप्पांना गाठून विचारलं, तेव्हा अप्पा चोरी पकडलेल्या मुलासारखे हसले.

"म्हणाले, नात घाबरते म्हणे मला. या भोपळ्यासारख्या तोंडाला, माझ्या ओरडण्याला. लेक म्हणाली, पूर्वीसारखे व्हाल तेव्हा आणेन तिला. होऊनच दाखवतो आता. जरा चेहरा उतरू दे, नात आली की परत सुरू करतो."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"मी म्हटलं, डॉक्टर रागावतील. ते म्हणाले, डॉक्टर कधी नाटकाला येतात?" मावशींनी पदराने नाक पुसलं. "बाई, औषध घेऊन माणसं मेलेली ऐकली होती. न घेऊन असं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फार तर दुखणं परत येईल, असं वाटलं होतं. आणि ते इतके खुशीत होते हो. आरशात बघून गालाला हात लावायचे."

मी फौजदाराला फोन केला आणि मग लेकीला. फौजदार म्हणाला, "सुटली म्हणायची बाई." लेकीने फोन ठेवला. अर्ध्या तासात ती आली. बाह्यांवर काचेची पांढरी भुकटी तशीच होती. मंचावर चढून ती टेबलापाशी थांबली आणि बशीकडे बघत राहिली.

"कुणी बदलल्या नव्हत्या," मी म्हटलं. "अप्पाच घेत नव्हते."

"पण का?"

मी तोंड उघडलं, पण मावशी आधी बोलल्या. "कडू लागायची त्यांना. फार कडू लागते म्हणायचे."

खोटं बोलण्यात मावशी अगदीच कच्च्या होत्या. दोन्ही हात किल्ल्यांवर घट्ट धरलेले, नजर जमिनीवर. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग बशीकडे, मग विंगेत टांगलेल्या फोटोकडे. फोटोत अप्पा हसत होते. चेहरा बारीक, गालावर खळ्या.

"चेहऱ्यासाठी," ती म्हणाली. "हो ना? मी म्हटलं होतं म्हणून."

मावशींनी किल्ल्यांवरचे हात सोडले.

"माझं चुकलं की नाही सांगू नका," ती म्हणाली. "मला फक्त एक सांगा. त्या सकाळी कुणाला कळलं असतं तर?"

खोटं बोलायला मला चांगली संधी होती. मावशींनी माझ्याकडे बघून बारीक मान हलवली, नको म्हणून. पण माझी जीभ वळली नाही. "इंजेक्शन दिलं असतं," मी म्हटलं. "बहुतेक वाचले असते."

ती टेबलाच्या कडेला धरून खाली बसली. दिग्दर्शक उठून बाहेर निघून गेले. राखीवने पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही. मावशी तिच्याजवळ बसल्या आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "असू दे गं. लेकरू घाबरलं होतं, तू आई आहेस. तू तरी काय करणार होतीस?"

"ती नव्हती घाबरली," लेक म्हणाली.

मावशींचा हात थांबला.

"कधीच घाबरली नव्हती. कप फुटला तेव्हा ती हसली होती, तिला वाटलं आजोबा नाटक करतायत. आत्याकडे जाताना दर वेळी रडायची, मला आजोबांकडे जायचंय म्हणून. मलाच राग आला होता. मला त्यांना काहीतरी लागेल असं बोलायचं होतं, म्हणून मी म्हटलं, तुमची नात घाबरते तुमच्या तोंडाला."

मला वाटलं होतं कोडं सुटलं की माणसाला निदान हलकं वाटतं. तसलं काही झालं नाही. मावशी सुटल्या होत्या, दुकानदार सुटला होता, राखीववर कुणी बोट दाखवणार नव्हतं. माझं काम चोख झालं होतं, आणि मी ते केलं नसतं तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटत होतं.

लेकीने अचानक मान वर केली. "शाळा सुटायची वेळ झाली," ती म्हणाली. "आज नाटकाच्या सुट्टीचा वार. मी तिला वचन दिलं होतं, या सुट्टीला आजोबांकडे नेईन. अजून सांगितलेलं नाही तिला. आजोबा गावाला गेलेत, एवढंच सांगितलंय. ती शाळेच्या दारात चपला घालून उभी असेल." तिने आधी मावशींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "काय सांगू तिला?"

मावशींनी तिच्या बाह्यांवरची भुकटी झटकली.

"सांगा ना," ती मला म्हणाली. "तुम्हाला सगळं कळतं ना? काय सांगू?"

मी बशीतल्या गोळ्या पुडीत बांधायला घेतल्या.